दर गुरुवारी टॉर रिले यादीतून गायब होतो: कारणं कशी शोधली आणि काय बदललं

टॉर म्हणजे स्वयंसेवकांच्या संगणकांवरून वाहतूक फिरवून वापरणाऱ्याची ओळख लपवणारं नेटवर्क, आणि त्यातला असा एकेक संगणक म्हणजे रिले. लक्षण आधी सांगते. टॉरचा रिले आठवडाभर नीट चालतो, लॉगमध्ये दर सहा तासांनी हार्टबीटची, म्हणजे 'मी चालू आहे' असं सांगणारी, ओळ येते, आणि मग एके दिवशी रिले सर्च या टॉरच्या साइटवर आपल्या रिलेचं टोपणनाव शोधलं की समोर लाल ठिपका. रीस्टार्ट केल्यावर कधी परत येतो, कधी नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. माझ्या घरी हे दीड महिना चाललं, आणि दर वेळी वार गुरुवार. पुणेकरांना कारणाचा अंदाज आलाच असेल: आमच्या भागात देखभालीच्या कामासाठी वीज जाते ती गुरुवारीच.

पण वीज गेली म्हणून रिले गेला, एवढंच असतं तर वीज आल्यावर तोही परत यायला हवा होता. तो येत नव्हता. आणि खरी डोकेदुखी ही, की दर वेळी न येण्याचं कारण वेगळं निघालं. एक दोष काढला की त्याच्यामागचा दुसरा दिसायचा. लक्षण मात्र तेच, म्हणून मला वाटत राहिलं की पहिलाच उपाय फसला. तुमचाही रिले असाच ठरावीक काळाने गळत असेल तर मी ज्या क्रमाने चुकले तो क्रम उपयोगी पडेल.

माझी मांडणी साधी होती. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसतं 'पाय'), त्यावर डेबियन या लिनक्सच्या धर्तीची ओएस, घरचं १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन, आणि टॉरआरसी या टॉरच्या सेटिंग फाइलमध्ये ओआरपोर्ट ९००१ (बाकीचे रिले ज्यावर येऊन जोडतात तो पोर्ट), सॉक्सपोर्ट ० (स्वतःच्या वापरासाठी टॉर नको), एक्झिटरिले ०. हे शेवटचं शून्य महत्त्वाचं आहे. एक्झिट रिलेतून, म्हणजे साखळीतल्या शेवटच्या रिलेतून, बाहेर पडणारी प्रत्येक विनंती तुमच्या आयपी पत्त्याच्या नावावर दिसते, त्यामुळे कुणी तक्रार केली तर विचारणा तुमच्या दारात येते. घरून एक्झिट चालवू नका. मधला रिले फक्त एका रिलेकडून दुसऱ्याकडे बंद पाकीट पोहोचवतो, त्यातला मजकूर त्याला वाचता येत नाही.

यादीत असणं म्हणजे नेमकं काय

टॉर नेटवर्कमध्ये मोजके डिरेक्टरी ऑथॉरिटी सर्व्हर आहेत. तुमचा रिले स्वतःची माहिती, म्हणजे डिस्क्रिप्टर, त्यांना पाठवतो. पत्ता, पोर्ट, चाव्या, वेग असं त्यात असतं. ऑथॉरिटी आपापल्या बाजूने तुमच्या पोर्टला जोडून पाहतात, दर तासाला मतदान करतात आणि सगळ्यांची मिळून एक यादी निघते. तिला कन्सेन्सस म्हणतात. बहुमताने "रनिंग" हा झेंडा मिळाला तरच तुम्ही यादीत. ही यादी निघाल्यापासून एक तास ताजी आणि तीन तास ग्राह्य असते.

यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे रिले सुरू केल्यावर दहा मिनिटांत सर्चमध्ये शोधून घाबरायचं नाही, दोन-तीन तास द्यायचे. दुसरी अशी, की तुमच्या मशीनवर टॉर "चालू" असणं आणि नेटवर्कसाठी रिले "असणं" या वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्ट बाहेरून गाठता येतो अशी स्वतःची खात्री पटल्याशिवाय टॉर डिस्क्रिप्टर पाठवतच नाही. तो शांतपणे चालू राहतो आणि जगाला मात्र माहीत नसतो.

डेबियनवर आणखी एक गोंधळ होतो, मीही त्यात एक संध्याकाळ घालवली. सिस्टिमसीटीएल या कमांडने टॉर सर्व्हिसची स्थिती विचारली की "अॅक्टिव्ह, एक्झिटेड" असं उत्तर येतं. बघणाऱ्याला वाटतं टॉर बंद पडला. तसं नाही. टॉर नावाची ती सर्व्हिस नुसतं आवरण आहे, खरं काम "टॉर अॅट डिफॉल्ट" या नावाची सर्व्हिस करते. स्थितीही तिचीच विचारायची आणि जर्नलमधला लॉगही तिचाच पाहायचा. तिथे "सेल्फ-टेस्टिंग इंडिकेट्स" ने सुरू होणारी आणि ओआरपोर्ट रीचेबल असल्याचं सांगणारी ओळ दिसली तर अर्धी लढाई जिंकली. ती नसेल, आणि तिच्याऐवजी पोर्टची खात्री झाली नसल्याची वॉर्निंग वीस-वीस मिनिटांनी येत असेल, तर पुढचं वाचा.

पहिला गुरुवार: घड्याळ

रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली की वेळही गेली. ओएस त्यावर तोडगा म्हणून अधूनमधून वेळ फाइलमध्ये लिहून ठेवते आणि सुरू होताना तीच वेळ लावते. म्हणजे सकाळी दहाला वीज गेली आणि दुपारी तीनला आली, तर पायच्या दृष्टीने अजून दहाच वाजलेले असतात. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत हीच स्थिती राहते.

आता वर सांगितलेला तीन तासांचा हिशोब आठवा. पाच तास मागे असलेल्या घड्याळाला ताजा कन्सेन्सस भविष्यातला वाटतो. लॉगमध्ये घड्याळ मागे असल्याची वॉर्निंग येते. नंतर वेळ जुळते तेव्हा टॉरला घड्याळाने एकदम उडी मारलेली दिसते आणि तो उघडलेली सगळी सर्किट, म्हणजे रिलेंमधून आखलेल्या वाटा, टाकून देतो. यातून तो बहुतेक वेळा सावरतो, पण माझ्याकडे वेळ जुळायलाच उशीर लागत होता, कारण फायबरचा राउटर पायच्या नंतर दोन-तीन मिनिटांनी नेटवर येतो आणि तोवर वेळ विचारण्याचे पहिले प्रयत्न फसलेले असतात.

उपाय दोन केले. सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) "टाइम-वेट-सिंक" सर्व्हिस सुरू केली आणि टॉरच्या युनिटला एक छोटी ओव्हरराइड फाइल जोडली, की "टाइम-सिंक" टार्गेट गाठल्यावरच, म्हणजे वेळ जुळल्यावरच, सुरू हो. त्यानंतर डीएस३२३१ चं एक छोटं घड्याळ-मॉड्यूल पायला लावलं. पाय ५ वर घड्याळ बोर्डावरच आहे, फक्त त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

लॉग स्वच्छ झाला. मी निर्धास्त झाले. पुढच्या गुरुवारी रिले पुन्हा गायब.

दुसरा गुरुवार: घरातला पत्ता

या वेळी घड्याळ बरोबर होतं, पोर्ट मात्र बाहेरून बंद. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग जसंच्या तसं होतं: ९००१ वर येईल ते १९२.१६८.१.७ कडे. पण पायचा पत्ता आता १९२.१६८.१.४ झाला होता. वीज गेल्यावर राउटर आपण कुणाला कोणता पत्ता दिला होता ते विसरला, वीज आल्यावर घरातली उपकरणं ज्या क्रमाने जागी झाली त्या क्रमाने पत्ते वाटले गेले, आणि ७ नंबर टीव्हीला गेला.

यावर उपाय एकच, आणि तो पहिल्याच दिवशी करायला हवा होता: राउटरच्या डीएचसीपी पानावर (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याच्या सेटिंगमध्ये) पायच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकासाठी, एक आयपी राखून ठेवायचा. काही राउटरवर याला अॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात, काहींवर स्टॅटिक लीज. पायवरच स्थिर पत्ता लिहूनही चालतं, पण तो राउटर वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा निवडा, नाहीतर एके दिवशी तोच पत्ता दुसऱ्या कुणाला मिळेल.

तपासताना एक चूक टाळा. घरातल्याच वाय-फायवरून स्वतःच्या बाहेरच्या पत्त्याला जोडून पाहू नका. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येणारी वाट नीट हाताळत नाहीत, त्यामुळे पोर्ट उघडा असूनही बंद दिसतो. फोनचं वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून तपासा.

तिसरा गुरुवार: बाहेरचा पत्ता, आणि हा दोष माझ्या हातात नव्हता

घड्याळ ठीक, आतला पत्ता ठीक, फायरवॉल ठीक, तरी पोर्ट बंद. शेवटी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, आयपी पाहिला: १०० ने सुरू होणारा, पुढचा आकडा ८० च्या आसपास. इथे उलगडा झाला.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ साली खास सेवा कंपन्यांसाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे) पत्ते कमी पडतात, म्हणून कंपनी अनेक ग्राहकांना हे आतले पत्ते देते आणि सगळ्यांना मिळून एकाच सार्वजनिक पत्त्याने बाहेर सोडते. याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक असलं तरी बाहेरून येणारी जोडणी कंपनीच्या नॅटवरच (पत्ते बदलून देणाऱ्या यंत्रणेवरच) अडते, कारण ती कुणाच्या घरी पाठवायची हे त्याला माहीत नसतं. आपल्याकडच्या घरगुती कनेक्शनवर हा प्रकार सर्रास आहे.

माझ्या बाबतीत आधी सार्वजनिक पत्ता मिळत होता, राउटर रीस्टार्ट झाल्यावर कधी तसा मिळायचा आणि कधी सीजीनॅटमधला. "रीस्टार्ट केल्यावर कधी येतो, कधी नाही" याचं उत्तर हे होतं. मी इतके दिवस टॉर रीस्टार्ट करण्यात श्रेय शोधत होते, खरा फरक राउटरच्या रीस्टार्टने पडत होता.

ओळखायची रीत: राउटरच्या पानावरचा वॅन आयपी आणि बाहेरची एखादी साइट दाखवते तो आपला आयपी शेजारी ठेवा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता तुमचा. वेगळे असतील तर मधे आणखी एक नॅट आहे, आणि टॉरआरसी फाइलमध्ये काहीही लिहून ते सुटणार नाही. कंपनीला फोन करून स्टॅटिक आयपी मागायचा, त्याला बहुधा वेगळे पैसे पडतात. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) आहे ना, मग त्यावर भागवू, असा विचार मीही केला होता. भागत नाही. रिलेला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता लागतोच.

पत्ता सार्वजनिक असला तरी बदलता असू शकतो, त्याला टॉरची हरकत नाही. तो किमान तीन तास टिकला पाहिजे. बदलला की टॉर स्वतः ओळखतो आणि नवा डिस्क्रिप्टर पाठवतो. मात्र मी उत्साहाच्या भरात टॉरआरसीमध्ये "अॅड्रेस" या ओळीत जुना आयपी ठोकून दिला होता. मग टॉर तोच पत्ता जगाला सांगत बसला. ती ओळ काढून टाका, किंवा डायनॅमिक डीएनएसचं (पत्ता बदलला तरी तुमच्याकडेच आणणारं) नाव असेल तर ते लिहा.

आयपीव्ही६ ची अर्धी जोडणी

हे थोडक्यात, कारण निदान सोपं आहे. टॉर ०.४.५ पासून ओआरपोर्टची एकच ओळ लिहिली तर तो आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींवर पोर्ट उघडायला बघतो. आयपीव्ही६ बाहेरून गाठता आला नाही तर आपोआप सापडलेला तो पत्ता वगळून आयपीव्ही४ वर डिस्क्रिप्टर पाठवतो आणि लॉगमध्ये तसं लिहितो. त्या ओळीला घाबरायचं कारण नाही. पण आयपीव्ही६ पत्ता तुम्ही हाताने लिहिला असेल आणि तो गाठता येत नसेल तर पूर्ण रिलेच अडतो. घरच्या कनेक्शनवर आयपीव्ही६ चा पुढचा भागही कंपनी बदलते, म्हणून मी ओआरपोर्टच्या ओळीत पोर्टनंतर "आयपीव्ही४ओन्ली" लिहून विषय मिटवला.

महिन्याच्या दहा तारखेची गोष्ट

गुरुवारचा प्रश्न सुटल्यावर दुसरा, महिन्याच्या चक्राने येणारा दोष दिसला. दहा तारखेच्या सुमारास रिले मंदावायचा. हा आकडेमोडीचा मामला आहे.

मार्गदर्शक अपेक्षा अशी, की रिलेने दोन्ही दिशांनी निदान १० मेगाबिट प्रति सेकंद द्यावेत, शक्यतो १६. सोळा मेगाबिट म्हणजे सेकंदाला २ मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर एका दिशेने १७२.८ जीबी. रिले जेवढं घेतो तेवढंच पुढे देतो, म्हणून दिवसाला जवळपास ३४५ जीबी. घरगुती "अनलिमिटेड" प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते. रिले पूर्ण भरून चालला तर साडेनऊ दिवसांत ती संपते.

टॉरमध्ये यासाठी अकाउंटिंगमॅक्स हा कोट्याचा पर्याय आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. तो प्रत्येक दिशेला वेगळा लागू होतो. १२०० जीबी लिहिलं तर प्रत्यक्षात २४०० जीबीपर्यंत वापर होतो. कोटा संपला की रिले झोपतो, आणि सगळे रिले एक तारखेलाच एकदम जागे होऊ नयेत म्हणून टॉर जागं व्हायची वेळ स्वतःच्या मागच्या वापरावरून पुढे-मागे ठरवतो. म्हणजे एक तारखेला रिले उठला नाही तर तो बिघाड असेलच असं नाही. लॉगमध्ये हायबरनेशनची ओळ शोधा. मुळात झोपू न देता वेग कमी ठेवणं बरं: रिलेबँडविड्थरेट वापरा, आणि बिट व बाइट यांची गल्लत करू नका, आठ पटींचा फरक पडतो.

हिशोब उलटा करून पाहा. १२०० जीबी महिनाभर पुरवायचे तर दिवसाला ४० जीबी, म्हणजे पावणेचार मेगाबिट प्रति सेकंदाच्या आतच. ते अपेक्षित १० च्या निम्म्याहूनही कमी आहे. हा आकडा कागदावर लिहिला तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की माझं घर रिलेसाठी चुकीची जागा आहे.

त्यात राउटरची भर. रिलेला हजारो जोडण्या एकदम उघड्या ठेवाव्या लागतात, निदान सात हजारांची तयारी असावी असं सांगितलं जातं. सेवा कंपनीने बसवलेल्या छोट्या राउटरचं नॅट टेबल त्याआधीच भरतं. मग आईचा व्हिडिओ कॉल गोठतो, नवी पानं उघडत नाहीत, आणि स्पीड टेस्ट मात्र उत्तम येते. आणखी एक त्रास: काही बँका आणि सरकारी साइट टॉरच्या सार्वजनिक यादीतले सगळेच पत्ते अडवतात, एक्झिट आहे की मधला रिले हे न बघता. बाबांना महिनाभर एका साइटवर लॉगिन होईना आणि मी पासवर्ड बदलून देत बसले. कारण माझाच रिले होता.

शेवटी काय केलं

रिले भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर हलवला. जागा निवडताना युरोपातल्या दोन-तीन स्वस्त आणि लोकप्रिय कंपन्या टाळल्या, कारण तिथे आधीच रिलेंची गर्दी आहे आणि एकाच ठिकाणी जास्त वाहतूक जाणं नेटवर्कच्या हिताचं नाही. टॉर चालवायला हरकत नाही ना, हे कंपनीला आधी लेखी विचारलं.

हलवताना ओळख जपता येते. व्हार, लिब, टॉर या वाटेवरच्या "कीज" फोल्डरमध्ये रिलेच्या चाव्या असतात. आधी जुना रिले पूर्ण बंद करा, मग ते फोल्डर नव्या सर्व्हरवर ठेवा आणि मालकी "डेबियन-टॉर" या युजरला द्या. मालकी द्यायला विसरलात तर टॉर सुरूच होणार नाही. दोन ठिकाणी एकाच चाव्यांनी रिले चालवू नका. या चाव्यांची प्रत घराबाहेर, कुलूपबंद ठेवा. त्या गेल्या तर फिंगरप्रिंट, म्हणजे रिलेची ओळख, नवा आणि आजवरचा लौकिक शून्यावर.

नव्या सर्व्हरवर दोनच अडचणी आल्या. एकदा कर्नलच्या लॉगमध्ये कॉनट्रॅक टेबल (चालू जोडण्यांची नोंद) भरल्याचा आणि पॅकेट टाकून दिल्याचा संदेश आला. ती मर्यादा वाढवल्यावर थांबला. दुसरी टॉरच्या आवृत्तीची. पॅकेज टॉर प्रोजेक्टच्या स्वतःच्या डेबियन रेपॉझिटरीतून घ्या आणि अपडेट आपोआप होऊ द्या. ज्या आवृत्त्यांचा आधार संपला आहे त्यांचे रिले ऑथॉरिटी यादीतून काढतात, आणि तेव्हा पोर्ट, घड्याळ, पत्ता सगळं बरोबर असूनही तुम्ही बाहेर असता.

घरचा पाय रिकामा ठेवला नाही. त्यावर आता स्नोफ्लेक प्रॉक्सी चालतो. ज्यांच्या देशात टॉर अडवला जातो त्यांना आत यायला तो पायरी देतो, सीजीनॅटमागेही चालतो, पोर्ट उघडावा लागत नाही आणि गुरुवारी वीज गेली तरी जोडलेला माणूस दुसऱ्या प्रॉक्सीकडे वळतो. ओबीएफएस४ ब्रिजचाही (सार्वजनिक यादीत नसलेला, वाहतूक ओळखू न येणारा प्रवेश-रिले) विचार केला होता, त्याला १ मेगाबिटचा वेगही पुरतो. पण आमच्या पत्त्यावरून आधी उघड रिले चालला होता आणि तो पत्ता जुन्या याद्यांमध्ये कायमचा नोंदला आहे. ब्रिजचा सगळा उपयोग तो कुणाला माहीत नसण्यात आहे. तुमचा पत्ता कोरा असेल आणि सार्वजनिक असेल, तर घरून ब्रिजच चालवा असं मी आग्रहाने सांगेन. फक्त पोर्ट ९००१ ठेवू नका, टॉर शोधणारे तिथेच आधी पाहतात.

आणि नव्या रिलेवर वाहतूकच नाही म्हणून जे टॉरआरसी पुन्हा पुन्हा बदलत बसतात त्यांच्यासाठी: पहिले काही दिवस वेग मोजला गेलेला नसतो, त्यामुळे जवळजवळ कुणीच येत नाही. मग मोजणी होते आणि आलेख चढू लागतो. आठवड्याभरानंतर "गार्ड" (साखळीतला पहिला रिले) झेंडा मिळाला की वाहतूक उलट घसरते, कारण गार्ड म्हणून लोक तुम्हाला हळूहळू निवडतात आणि मधला रिले म्हणून तुमची निवड कमी होते. दर गुरुवारी गळणाऱ्या माझ्या जुन्या रिलेला "स्टेबल" झेंडाच टिकत नव्हता, त्यामुळे गार्ड होण्याचा प्रश्नच आला नाही. एसएसएच (दूरच्या संगणकावर काम करणं) किंवा चॅटसारख्या लांब चालणाऱ्या जोडण्यांसाठी टॉर स्टेबल रिलेच निवडतो. कुणाचं तरी बोलणं आमच्या वीज जाण्याने मधेच तुटणार नाही याची ती काळजी आहे. नव्या सर्व्हरवर स्टेबल मिळाला, गार्ड मिळाला, त्यानंतर आलेख घसरला. मी काहीही बदललं नाही. काही आठवड्यांनी तो पुन्हा चढू लागला.